संशोधनाच्या दारावर चाळणी कोणती?

गिरीन्द्रशेखर बोस पेशाने डॉक्टर होते. 1910 मध्ये वैद्यकीय पदवी मिळवून त्यांनी कलकत्त्यात रुग्ण तपासण्यास सुरुवात केली. त्याआधीचे त्यांचे शिक्षण विज्ञान शाखेतले. पदवीच्या पातळीवर त्यांनी मानसशास्त्र हा विषय घेतलेला नव्हता. कलकत्ता विद्यापीठाने 1916 मध्ये देशातील पहिला मानसशास्त्र विभाग सुरू केला, तेव्हा या डॉक्टरने तेथे पदव्युत्तर अभ्यासासाठी प्रवेश घेतला. 1921 मध्ये त्याच विद्यापीठाने दमनाच्या संकल्पनेवरील प्रबंधासाठी त्यांना डी.एससी. पदवी दिली. पुढच्याच वर्षी त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली आणि 1929 पासून विभागाची धुराही सांभाळली. ‘पदवीला हाच विषय आणि इतके टक्के’ अशी अट त्या काळी असती, तर भारतीय मानसशास्त्राच्या पहिल्या पिढीतील हा मोठा अभ्यासक उंबरठ्यावरूनच परतला असता.

शतकापूर्वीची ही हकीकत आज आठवण्याचे कारण निव्वळ स्मरणरंजन नव्हे. मानसशास्त्रातील संशोधनाकडे जाणारी वाट देशभर नव्याने आखली जात आहे. या वाटेवर कोणाला पाऊल ठेवू द्यायचे, याचे निकष मात्र परस्परविरोधी दिशांना धावत आहेत.

आतापर्यंत एम.ए. आणि पीएच.डी. यांच्या मध्ये एम.फिल. नावाची एक पायरी होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने ती काढून टाकण्याचे ठरवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. नियमावलीने तो निर्णय अमलात आणला. डिसेंबर 2023 मध्ये, एम.फिल. ही मान्यताप्राप्त पदवी राहिलेली नाही, तिला प्रवेश देऊ नयेत आणि घेऊही नयेत, असे आयोगाने पुन्हा बजावले. तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने हा आदेश मानण्यास जाहीर नकार दिला. त्यानंतर काही दिवसांतच आयोगाने चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकारविषयक समाजकार्य या दोन विषयांपुरती 2025-26 या शैक्षणिक वर्षापर्यंत सवलत दिली. ही सवलत देताना मानसिक आरोग्यसेवेची गरज डोळ्यांपुढे होती. संशोधनाची पायरी म्हणून एम.फिल.चे जे स्थान होते, त्याचे पुढे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

या जागी आता चार वर्षांच्या पदवीचे शेवटचे वर्ष येत आहे. आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत किमान 75 टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ निवडू शकतो आणि त्याला 12 श्रेयांकांचा प्रबंध करावा लागतो. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यास थेट पीएच.डी.साठीही अर्ज करता येतो. मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व दिव्यांग उमेदवारांना त्यात पाच टक्क्यांची सूट आहे. पश्चिम बंगालमध्ये ही चार वर्षांची रचना 2023-24 पासून लागू झाली. म्हणजे 2027 मध्ये तेथील पहिली तुकडी बाहेर पडेल आणि एक वर्षाच्या संशोधनप्रधान पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दार ठोठावेल. तीन वर्षांची पदवी, दोन वर्षांचे एम.ए. आणि मग पीएच.डी. हा जुना मार्ग खुला आहे, हे मान्य. तथापि नव्या रचनेचा कल स्पष्ट आहे. संशोधकाची निवड पूर्वी बावीस-तेविसाव्या वर्षी होत असे. ती आता विसाव्या वर्षाच्या आसपास आणि तीही पदवी परीक्षेतील गुणांवर होऊ लागेल.

हे गुण काय सांगतात? एका विद्यापीठातील 75 टक्के आणि दुसऱ्यातील 75 टक्के यांची तुलना होऊ शकत नाही, हे प्रत्येक प्राध्यापक जाणतो. शिवाय मानसशास्त्राचे पदवी शिक्षण अनेक महाविद्यालयांत आजही व्याख्या, सिद्धांतकारांची नावे आणि ठरावीक प्रयोगांच्या वह्या यांभोवतीच फिरते. ज्याला नमुना निवड का महत्त्वाची ते कळते, सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील फरक उमगतो, आपलेच गृहीतक चुकीचे ठरल्याचे प्रामाणिकपणे लिहिता येते, तो विद्यार्थी 75 टक्क्यांच्या वर असेलच असे नाही. आणि वर असलेल्या प्रत्येकाला हे जमतेच असेही नाही.

दुसरीकडे आयोगाने डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात नेमकी उलट वाट दाखवली. पदवी कोणत्याही विषयाची असो, प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दुसऱ्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता यावे, असे त्यात सुचवले होते. विषयांच्या भिंती पाडण्याचा हा हेतू स्वागतार्ह आहे. परंतु ही प्रवेश परीक्षा जर बहुपर्यायी प्रश्नांचीच असेल, तर ती पाठांतर मोजेल; संशोधनाची कुवत मोजणार नाही. याच सुमारास तिसरे पाऊलही पडले. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करण्यात आले. प्रात्यक्षिकाशिवाय या विषयाचे प्रशिक्षण अपुरे राहते, हे त्यामागचे कारण रास्त आहे. पण नोकरी सांभाळून किंवा संसारातून वेळ काढून या विषयाकडे वळणाऱ्यांसाठी प्रत्यक्ष वर्गाची पर्यायी सोय उभी राहिली नाही.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. मानसशास्त्र हा माणसांच्या दुःखाशी थेट संबंध असलेला विषय आहे. प्रवेशाच्या अटी सैल केल्या तर अर्धवट शिकलेले लोक समुपदेशनाची दुकाने थाटतील, अशी भीती व्यक्त होते. ती अनाठायी नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने देशातील 10.6 टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आणि निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे दाखवले. इतकी मोठी पोकळी असते तेथे भोंदूंचे फावते. परंतु रुग्णावर उपचार करण्याचा परवाना आणि संशोधन शिकण्याची संधी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 ने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या केलेली आहे आणि पात्रतेला मान्यता देण्याचे काम भारतीय पुनर्वसन परिषदेकडे आहे. तेथे देखरेखीखालील प्रशिक्षणाची अट कठोरच हवी. पण स्मृती, भाषा, मुलांचा विकास किंवा मतदारांची वर्तणूक यांचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यावर तीच अट लादण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी अट कठोर हवी ती पद्धतीच्या बाबतीत.

या पद्धतीचे मोल जगाने अलीकडेच किंमत मोजून ओळखले. नामांकित नियतकालिकांत छापून आलेले मानसशास्त्रातील 100 अभ्यास निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय होता. पुनरावृत्तीत ते प्रमाण 36 टक्क्यांवर आले. हे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ संशोधक काही परीक्षेत कमी गुण मिळवणारे नव्हते. छोटे नमुने, सोयीचे विश्लेषण आणि नकारात्मक निष्कर्ष दडपण्याची सवय यांचा तो परिणाम होता.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. परदेशात तयार झालेली मानसशास्त्रीय चाचणी केवळ भाषांतर करून येथे लावता येत नाही. 1930 च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले, तेव्हा येथील मुलांवर ती नव्याने पारखून घेतली. बिने-कामत चाचणी म्हणून ती पुढे अनेक दशके वापरात राहिली. असे काम करण्यासाठी संख्याशास्त्र जितके लागते, तितकीच मुलाची घरची बोली कळणारा संशोधकही लागतो. इंग्रजी बहुपर्यायी परीक्षेत मागे पडणाऱ्या नांदेडच्या किंवा पुरुलियाच्या विद्यार्थ्याकडे हीच दुसरी गोष्ट असू शकते. ती ओळखणारा एकही निकष आज प्रवेशाच्या नियमांत नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, संशोधनप्रधान पदव्युत्तर प्रवेशासाठी पदवीचे टक्के ही किमान पात्रता असावी, निवडीचा आधार नव्हे. निवड लेखी परीक्षेने व्हावी. उमेदवारापुढे एक छोटा अभ्यास व त्याची आकडेवारी ठेवावी. त्यातील त्रुटी शोधून निष्कर्ष लिहिण्यास सांगावे आणि उत्तराची मुभा प्रादेशिक भाषेतही द्यावी. दुसरी, अन्य विषयांतून येणाऱ्यांना एका सत्राचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम सक्तीचा करावा. संख्याशास्त्र, प्रयोगपद्धती आणि संशोधनातील नीती एवढे त्यात पुरेसे आहे. तिसरी गोष्ट सर्वांत अडचणीची. प्रत्येक विभागाने आपल्याकडे किती मार्गदर्शक आहेत, प्रयोगशाळेत काय आहे आणि एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी आहेत हे प्रवेशापूर्वी जाहीर करावे, आणि जागा त्यानुसारच ठराव्यात. आज विद्यार्थ्याची पात्रता तपासली जाते. विभागाच्या पात्रतेबद्दल त्याला कोणी काही सांगत नाही. प्राध्यापकांच्या जागा रिक्त ठेवून संशोधनाचे चौथे वर्ष सुरू करणे म्हणजे प्रबंधाच्या नावाखाली उतारे जोडण्याला आमंत्रण देणे होय.

राज्यांचीही येथे जबाबदारी आहे. पश्चिम बंगालने आयोगाच्या आदेशाला विरोध केला, तो संघराज्यीय अधिकाराच्या मुद्द्यावर समजण्यासारखा आहे. पण ज्या पदवीला देशभर मान्यता नाही ती देत राहिल्याने भुर्दंड विद्यार्थ्यालाच बसतो. महाराष्ट्रानेही चार वर्षांची रचना स्वीकारली असल्याने हाच प्रश्न येथील विद्यापीठांपुढेही आज ना उद्या येणार आहे. 2027 ला फार अवधी उरलेला नाही.

कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा 1915 मध्ये, विभागाच्या एक वर्ष आधी, उभी राहिली. हार्वर्डमध्ये शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त विभागाचे प्रमुख झाले आणि त्यानंतर बोस यांच्यासारखे विद्यार्थी आले. तेव्हा प्रवेशाचे दार रुंद होते आणि आतली शिस्त प्रयोगशाळेची होती. नवे नियम लिहिणाऱ्यांनी निदान हा क्रम तरी ध्यानात ठेवावा: आधी प्रयोगशाळा व शिक्षक, मग प्रवेशाच्या जागा आणि शेवटी टक्केवारी.