टाचणीला टोपण, पण कोणाच्या खर्चाने?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला टाचणीची ओळख अगदी आरंभीच होते. ॲडम स्मिथच्या १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात टाचण्यांच्या कारखान्याचे वर्णन आहे. एकाने तार ओढावी, दुसऱ्याने ती सरळ करावी, तिसऱ्याने तोडावी, चौथ्याने तिला टोक काढावे. अशी सुमारे १८ कामे वाटून घेतली तर दहा माणसे दिवसाला ४८ हजार टाचण्या करू शकतात, असा त्याचा हिशेब. श्रमविभागणीचा हा दाखला पाठ केल्यावाचून कोणी पदवीधर झालेला नाही. परंतु चौथ्या कामगाराने काढलेले ते टोक कारखान्याबाहेर गेल्यावर कोणाला टोचते, आणि टोचू नये म्हणून लागणारा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न स्मिथपुढे नव्हता. तो उभा राहिला त्यानंतर सुमारे १३० वर्षांनी, युरोप-अमेरिकेतील गर्दीच्या रस्त्यांवर आणि ट्रामगाड्यांत. आणि त्याचे निमित्त झाली स्त्रियांच्या टोपीतली लांब टाचणी, म्हणजे हॅटपिन.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिकडील स्त्रियांच्या टोप्या विलक्षण मोठ्या झाल्या होत्या. १९०७ साली लंडनच्या रंगभूमीवर ‘द मेरी विडो’ ही संगीतिका आली आणि तिच्या नायिकेच्या भव्य टोपीचे अनुकरण सर्वत्र सुरू झाले. पिसे, फुले, फिती यांनी लादलेली ही टोपी डोक्यावर नुसती ठेवून भागत नसे. केसांचा उंच फुगवटा करून त्यावर ती बसवायची आणि एका बाजूने पोलादी टाचणी खुपसून, केसांतून आरपार नेऊन, दुसऱ्या बाजूने बाहेर काढायची, अशी रीत होती. टोपी जितकी रुंद तितकी टाचणी लांब. एक फुटाच्या टाचण्या सर्रास वापरल्या जात. त्यांचे एक टोक मोती, रंगीत काच किंवा चांदीच्या नक्षीने मढवलेले असे; दुसरे उघडे आणि अणकुचीदार, शेजारच्या उतारूच्या गालाच्या किंवा डोळ्याच्या उंचीवर. गाडीला हिसका बसला किंवा त्या बाईने सहज मान वळवली, तरी इजा व्हायला तेवढे पुरे होई. त्या काळी प्रतिजैविक औषधे नव्हती. जखम चिघळून विष अंगात भिनले की साधा ओरखडाही जिवावर बेते. तेव्हा या टोकाचे भय निव्वळ काल्पनिक होते, असे कोणी म्हणू नये.

यावर उपाय म्हणून टोपण निघाले. बाहेर आलेल्या टोकावर बसवायची धातूची छोटीशी टोपी, असे त्याचे साधे स्वरूप. कोणाच्या टोपणात स्प्रिंग असे, कोणाचे फिरवून घट्ट करावे लागे. मूळ टाचणीच्या नक्षीशी जुळणारी शोभिवंत टोपणेही बाजारात आली, आणि परवडत नसेल त्या स्त्रीला बुचाचा तुकडाही चाले. या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूवर अनेकांनी आपली बुद्धी खर्च केली आणि एकस्वेही मिळवली. तरीही बहुसंख्य टाचण्या उघड्याच राहिल्या. वर्तमानपत्रांनी यासाठी स्त्रियांच्या बेपर्वाईवर कोरडे ओढले. वस्तुतः त्यात अनाकलनीय असे काहीच नव्हते. टोपणासाठी पैसे मोजायचे टाचणी लावणाऱ्या स्त्रीने, ते हरवू नये म्हणून जपायचेही तिनेच, आणि त्याचा लाभ मिळायचा गाडीत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असेल, तर केवळ सदुपदेशाने ती वस्तू खपत नाही. स्त्री असो वा पुरुष, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

दंडाचा मार्ग

सदुपदेश फसला तेव्हा कायदा पुढे सरसावला. शिकागोच्या नगरसभेने मार्च १९१० मध्ये ६८ विरुद्ध २ मतांनी ठराव केला, की टोपीच्या बाहेर अर्ध्या इंचापेक्षा अधिक टोक येता कामा नये. आल्यास ५० डॉलरपर्यंत दंड. मिलवॉकी, पिट्सबर्ग, बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स या शहरांनीही तोच मार्ग धरला. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९१२ साली असाच नियम झाला, स्त्रियांवर खटले भरले गेले आणि दंडही झाले.

शिकागोच्या या दंडाचे मोल नीट लक्षात घेतले पाहिजे. त्या शहरातील मोठ्या दुकानांत दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या मुलींना त्या काळी आठवड्याला सहा ते आठ डॉलर मिळत. म्हणजे पूर्ण दंड बसला तर दीड-दोन महिन्यांची कमाई गेली. ज्या सुखवस्तू स्त्रिया घरच्या बग्गीतून किंवा मोटारीतून फिरत, त्यांना ट्रामच्या गर्दीत जाण्याचा प्रसंगच येत नसे. नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचा बोजा मुख्यतः पडणार होता तो पहाटे कामावर निघून दिवेलागणीनंतर परतणाऱ्या कष्टकरी मुलीवर. आणि ज्या सभेने हा नियम केला तिच्या निवडणुकीत स्त्रीला मत नव्हते. इलिनॉय राज्यातील स्त्रियांना नगरपालिकांच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला तो १९१३ साली. शिकागोच्या नगरसभेत स्त्री निवडून येण्यास तर १९७१ साल उजाडावे लागले.

मत नसले तरी या स्त्रियांना म्हणणे होते, आणि ते त्यांनी सभेपुढे ठणकावून मांडले. रस्ते आधी निर्धोक करा, मग आमच्या टाचण्या मागा, असा त्याचा आशय होता. हे म्हणणे हवेतले नव्हते. स्त्रिया कचेऱ्यांत, दुकानांत, कारखान्यांत काम करू लागल्या तशा त्या एकट्याने प्रवास करू लागल्या, आणि गर्दीचा फायदा घेऊन त्यांच्या अंगचटीला येणाऱ्या पुरुषांचा उपद्रवही वाढला. १९०३ साली न्यूयॉर्क पाहायला आलेल्या कॅन्ससच्या एका तरुणीची हकिकत तेव्हाच्या वर्तमानपत्रांत गाजली होती. घोड्यांच्या बसमध्ये शेजारी बसलेला एक वयस्क, प्रतिष्ठित दिसणारा गृहस्थ हळूहळू सरकत तिला बिलगू लागला. त्याचा हात पाठीवर आला, तेव्हा तिने टोपीतली टाचणी काढून त्याच्या दंडात खुपसली. पुढच्याच थांब्यावर गृहस्थ उतरून गेले. तेव्हा वर्तमानपत्रांनी अशा मुलींचे कौतुक केले. अवघ्या सात वर्षांनी तीच टाचणी सार्वजनिक संकट ठरली आणि तिच्यावर नगरसभेत चर्चा झडली. ज्या हातामुळे ती टाचणी टोपीतून बाहेर काढावी लागत होती, तो हात मात्र चर्चेच्या कडेलाच राहिला.

उपद्रव नेमका कोणाचा?

येथे अर्थशास्त्राचा आधार घेणे उपयुक्त ठरेल. सिडनीत खटले चालू होते त्याच १९१२ साली केंब्रिजच्या आर्थर पिगूचा ‘वेल्थ अँड वेल्फेअर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. व्यक्तीच्या कृतीमुळे इतरांना सोसावे लागणारे नुकसान तिच्या स्वतःच्या हिशेबात उतरत नाही, तेव्हा शासनाने हस्तक्षेप करून तो हिशेब पुरा करावा, या विचारसरणीचा पाया पिगूने घातला. या दृष्टीने पाहिले तर टाचणीवरील दंड समर्थनीय ठरतो. परंतु १९६० साली रोनाल्ड कोस यांनी या विचारातील एक उणीव दाखवून दिली. उपद्रव हा नेहमी दोन पक्षांत घडतो. एकाला आवर घातला की त्याची झळ दुसऱ्या बाजूला बसते, तेव्हा ‘उपद्रव देणारा कोण’ हे आधीच गृहीत धरून चालणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. कोस यांच्या सिद्धान्तातून अनेकांनी अनेक सोयीस्कर निष्कर्ष काढले आहेत, ते बाजूला ठेवू. पण त्यांनी विचारलेला प्रश्न शिकागोच्या सभासदांनी स्वतःला विचारला असता तर बरे झाले असते. टोक बोथट केल्याने शेजाऱ्याचा डोळा वाचेल हे खरे. परंतु त्या टोकामुळे आजवर जे हात आवरले जात होते, ते मोकळे झाल्याची किंमत कोण देणार? त्या मुलीच्या संरक्षणासाठी ट्रामच्या मार्गावर एक तरी जास्त शिपाई नेमला का? गाड्यांची संख्या वाढवून गर्दी कमी केली का? हे खर्च नगरपालिकेच्या तिजोरीतून करावे लागले असते. टोपणाचा खर्च मात्र स्त्रीच्या बटव्यातून होत होता. त्यामुळे सभासदांना टोपण हा सर्वांत स्वस्त उपाय वाटला असल्यास नवल नाही.

याचा अर्थ टोपणाला विरोध करावा असा मुळीच नाही. टोक झाकलेच पाहिजे. प्रश्न ते कोणी आणि कोठे झाकावे हा आहे, आणि त्याचे एक उत्तर हॅटपिनचा गाजावाजा होण्याच्या कितीतरी आधी सापडलेले होते. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली सेफ्टीपिनचे एकस्व घेतले आणि एका लहानशा कर्जापायी ते ४०० डॉलरला विकून टाकले. तिची सारी करामत इतकीच, की टोपण टाचणीतच अंगभूत आहे. ते वेगळे विकत घ्यावे लागत नाही, हरवत नाही, विसरत नाही. टाचणी लावणे आणि टोक झाकणे ही एकच क्रिया होते. बायकांच्या बांगडीत अडकवलेल्या दोन-चार सेफ्टीपिना आपल्याकडे घरोघरी दिसतात, आणि त्या वापरा म्हणून कोणाला दंड करावा लागलेला नाही. सुरक्षितता ही वस्तूची घडण असेल तर ती टिकते. ती वेगळ्याने विकली की आधी गरिबाकडून आणि मग आळशाकडून वगळली जाते.

हेच तत्त्व आपल्या देशाच्या कायद्यातही एका ठिकाणी दिसते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारसायकलच्या मागल्या चाकावर, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून, संरक्षक आवरण असणे आवश्यक आहे. लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘साडीगार्ड’. साडी नेसून मागे बसणाऱ्या बाईला ‘पदर सांभाळा’ एवढे सांगून कायदा थांबला नाही. चाक झाकण्याची जबाबदारी त्याने वाहनावर टाकली. हौशी तरुण हे आवरण शोभा जाते म्हणून काढून टाकतात, ही गोष्ट वेगळी. धोका जेथे निर्माण होतो तेथेच तो झाकावा, ही दिशा योग्य आहे.

टाचणी गेली, प्रश्न राहिला

हॅटपिनचा शेवट कायद्याने झाला नाही. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि अवाढव्य टोप्यांची हौस मागे पडली. १९२० नंतर स्त्रियांनी केस कापले, कानापर्यंत घट्ट बसणारी टोपी आली आणि टाचणीचे कामच उरले नाही. टोपणे संग्राहकांच्या पेटीत जाऊन बसली. रस्त्यावरचा दुसरा उपद्रव मात्र फॅशनबरोबर गेला नाही.

त्याचा पुरावा शोधण्यासाठी शिकागोला जाण्याची गरज नाही. मुंबईच्या लोकलमधून, पुण्याच्या बसमधून रोज जाणाऱ्या अनेक मुली आणि बायका बोटांच्या चिमटीत एक उघडी सेफ्टीपिन धरून उभ्या राहतात. आईने मुलीला दिलेली ही शिकवण आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्या पिनेचे टोक झाकण्यासाठी हंटने डोके लढवले, तेच टोक स्त्रीला मुद्दाम उघडावे लागते, ही सार्वजनिक व्यवस्थेच्या अपयशाची नोंद आहे. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर संपूर्ण गाडी स्त्रियांसाठी सोडण्यात आली. २०१३ साली फौजदारी कायद्यात लैंगिक छळाचा स्वतंत्र गुन्हा म्हणून समावेश झाला. ही दोन्ही पावले स्वागतार्ह होती, कारण त्यांचा खर्च आणि जबाबदारी शासनाने आपल्या अंगावर घेतली. पण एक गाडी सुटली आणि एक कलम लिहिले गेले, म्हणून चिमटीतली पिन बांगडीत परत गेलेली नाही. त्यासाठी पुरेशा गाड्या हव्यात, फलाटावर उजेड हवा, आणि तक्रार घेऊन आलेल्या मुलीला ‘तू त्या डब्यात चढलीसच कशाला’ असे न विचारता कागद पुढे ओढणारा हवालदार हवा. या तिन्ही गोष्टींना पैसा लागतो आणि तो अंदाजपत्रकात दिसावा लागतो.

मुलींनी उशिरा बाहेर पडू नये, अमुक कपडे घालू नयेत, अमुक रस्त्याने जाऊ नये, असे सल्ले देणाऱ्यांना आपण पैसे वाचवीत आहोत याची कदाचित जाणीवही नसेल. प्रत्येक सल्ला म्हणजे स्त्रीच्या बटव्यातून, तिच्या वेळातून आणि तिच्या नोकरीच्या संधीतून वसूल केलेला एक कर असतो. फक्त त्याची पावती कोणी देत नाही. शिकागोच्या नगरसभेने टोकाची लांबी अर्ध्या इंचापर्यंत मोजली, पण हा कर मोजला नाही. सुरक्षिततेचा कोणताही नवा नियम पुढे येईल तेव्हा टोपण कसे असावे यावर जरूर चर्चा व्हावी. परंतु त्याआधी ते कोणाच्या खर्चाने बसवायचे, हे त्या नियमाच्या पहिल्या ओळीत लिहिले गेले पाहिजे.