सातव्या जागेची वाट

मीरा-भाईंदरच्या हद्दीत घोडबंदरचा किल्ला आहे. वसईची खाडी ओलांडली की सोपाऱ्याचा स्तूप लागतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे उत्खनन केले. अशा वास्तू कशा जपाव्यात, चुन्याच्या बांधकामात सिमेंट भरल्याने जुना दगड का झिजतो, हे दिल्ली व भोपाळ येथील ‘स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर’मध्ये पदव्युत्तर वर्गांना शिकवितात. परंतु बंधुभगिनींनो, शिकविणार कोण?

असे विभाग लहान, अध्यापक मोजके. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठाऐवजी एकेक विभाग हा घटक मानला. त्या हिशेबात अनुसूचित जातींची पाळी सातव्या जागेला. ज्या विभागात जागाच सहा, तेथे आपल्या लेकरांनी किती पिढ्या थांबावयाचे? २०१९ च्या कायद्याने पुन्हा संपूर्ण संस्था हा घटक ठरविला, हे न्याय्यच झाले.

मात्र राखीव जागेवर बसावयास पात्र उमेदवार हवा. आपण मुलांना डॉक्टर, वकील करू पाहतो. वास्तुशास्त्राचे नावही घरात निघत नाही. बारावीला गणित, मग ‘नाटा’ परीक्षा, पाच वर्षांची पदवी, पुढे दोन वर्षे संवर्धनाचा अभ्यास. ज्यांच्या घरी गणितात रमणारी मुलगी वा मुलगा आहे, त्यांनी यंदाच चौकशी करावी.