टाकीतला मैला जातो कुठे?



20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावरचा आपला हक्क बजावला. ते हक्काचे पाणी पिण्याजोगे राहते काय, हे विचारण्याचे काम आता आपले आहे. कारण गावाची घाण ज्या नाल्याने वाहते, त्याच्या काठी बहुधा आपलीच वस्ती असते.

बहुतेक लहान शहरांत जमिनीखालून गटारे नाहीत. संडासचा मैला घराजवळच्या टाकीत जातो. तो तळाशी बसतो आणि वरचे पाणी बाहेर पडते. दोन-तीन वर्षांत टाकी उपसली नाही, तर मैलाच पाण्याबरोबर नाल्यात व तेथून नदीत जातो. टाकी उपसली, पण टँकर रात्री नाल्यावरच रिकामा झाला, तर त्याचा काय उपयोग?

याने नदी कशी मरते, ते पाहा. एक लिटर स्वच्छ पाण्यात साधारण 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. त्यावर मासे जगतात. एक लिटर सांडपाण्यातली घाण कुजायला मात्र सुमारे 250 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी तीस लिटर नदीचा श्वास ओढून घेते! टाकीतला मैला तर त्याहून कितीतरी दाट. शिवाय त्यात कावीळ, विषमज्वर, कॉलरा यांचे जंतू असू शकतात.

यावर उपाय आहे. सातारा जिल्ह्यातील वाई हे कृष्णाकाठचे गाव. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 36 हजार. तेथील नगर परिषदेने 2018 साली टाक्या तुंबण्याची वाट न पाहता, प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा गाडीने उपसण्याचे वेळापत्रक लावले. मैल्यासाठी रोज 70 हजार लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. अशा केंद्रात घट्ट भाग आणि पाणी वेगळे करतात. घट्ट भाग वाळवून उष्णतेने त्यातले जंतू मारतात. पाणी निराळे शुद्ध करतात. जी घाण कृष्णेत गेली असती, ती केंद्रातच अडते.

याचा आणखी एक लाभ आपल्या जिव्हाळ्याचा आहे. गाडीचा पंप मैला ओढतो, तेव्हा माणसाला टाकीत उतरावे लागत नाही. टाकीतल्या विषारी वायूने कोणाची मुले मरतात, हे आपणांस सांगायला नको. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तरीही माणसे उतरवली जातात आणि मरतात.

तेव्हा येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात एवढे तीन प्रश्न काढा. आपल्या वस्तीतल्या टाक्या शेवटच्या कधी उपसल्या? टँकर कुठे रिकामा होतो? शुद्धीकरण केंद्र असेल, तर ते रोज चालते काय? उत्तर मिळाले नाही, तर नगर परिषदेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही माफ. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. महिला मंडळाने पुढाकार घेतला तर फारच उत्तम, कारण पोराला जुलाब झाले की रात्र जागते ती आईच.

आणि हो, अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. पोच नाही, तर अर्ज नाही!

जय भीम!