काट्याची साक्ष पुरेशी नाही

‘व्यायामाने वजन उतरत नाही, तोंड आवरा’ हा सल्ला हल्ली डॉक्टरांपेक्षा शेजारीपाजारीच अधिकारवाणीने देतात. गंमत म्हणजे त्याला आधार आहे. साठ-सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास झपझप चालावे, तर सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात. परतताना गाडीवर एक वडापाव हाणला की त्याच्या दुप्पट पोटात जातात. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांनी २०१२ साली टांझानियातल्या हाडझा या शिकारी जमातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज रानोमाळ पायपीट करणाऱ्या या लोकांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचे आकारमान जमेस धरता, खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्यांएवढाच निघाला. पूर्वपक्ष भक्कम आहे, हे आधीच मान्य करू. घाम म्हणजे वितळलेली चरबी असे सांगून महिन्याला दहा किलोंची हमी देणाऱ्या जिमवाल्यांची वकिली मला करायची नाहीच. घामात पाणी असते आणि मीठ.

खोट आहे ती मोजमापात. लठ्ठपणा म्हणजे अंगावरची जास्तीची चरबी, आणि काट्याला चरबी व स्नायू यांतला फरक कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छबी छापून हे दाखवले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. युडकिन मॅरेथॉन धावणारे; याज्ञिकांनी आपला मुख्य व्यायाम सांगितला तो रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटायच्या आत ती गाठण्याचा! सगळे श्रेय मॅरेथॉनला देता येणार नाही. आपले जन्माच्या वेळचे कमी वजनही याज्ञिकांनी तिथेच नोंदवले आहे. पण उंची-वजनाच्या तक्त्यात हे दोघे शेजारी-शेजारीच बसले असते.

नियमित व्यायामाने पहिल्यांदा हलते ती पोटाच्या आतली, यकृतात साठलेली चरबी, आणि मधुमेहाची वाट तिथूनच जाते. काटा जागचा हलला नाही तरी ती घटू शकते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालणे लावून दिले होते. त्यांचे वजन म्हणावे तसे उतरले नाही. मधुमेह होण्याचा धोका मात्र सुमारे २८ टक्क्यांनी घटला.

‘मग नुसते कमी खाऊन भागत नाही का?’ उतरवायला भागते, टिकवायला नाही. नुसत्या उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झडतात. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे: किमान साडेतेरा किलो घटवून वर्षभर टिकवलेल्यांची. त्यातले दहांतले नऊ जण नेमाने व्यायाम करतात, सरासरी दिवसाला तासभर. अशा वहीत यशस्वी लोकच नाव घालतात हा आक्षेप रास्तच. तरी व्यायामाशिवाय टिकवणारे तिथे इतके थोडे का, याचे उत्तर पूर्वपक्षाकडे नाही. आपल्याकडे दोनदाच जेवायची पद्धत घरोघरी पोचली. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या त्या पद्धतीत पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणेही सांगितले आहे. लोकांनी पंचावन्न मिनिटांच्या आत उरकायचे जेवण तेवढे उचलले.

‘दिवसभर घरात राबतेच की’ म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की त्या राबण्यात दम लागतो का. नुसता थकवा पुरत नाही.

तेव्हा काटा माळ्यावर टाका आणि शिंप्याची टेप काढा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. त्याला जोर-बैठका चालतात, जिमची फी लागत नाही. तीन महिने एवढे करा, ताटावरही लक्ष ठेवा, आणि मग टेप लावून वाद घालायला या.