परतीची वेळ

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरूं लागली, म्हणजे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून सहलीची मागणी होऊं लागते, आणि तिच्या मागोमाग पालकांच्या चिठ्ठ्याही येऊं लागतात. कोणास वाटतें, अभ्यासाचा एक दिवस फुकट जाईल. कोणास वाटतें, डोंगरांत मुलें नेण्याचें धाडस शिक्षकांनीं करावेंच कशाला? उलट कांहीं पालक असेंही लिहितात कीं, मुलांस भरपूर चालवा, म्हणजे तीं काटक होतील. या सर्व पत्रांस एकदमच उत्तर द्यावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

उदाहरणादाखल आमच्या परिचयाची एकच वाट घेतों. पुणें-लोणावळें लोहमार्गावरील मळवली स्टेशनावर उतरावें, भाजें गांवावरून गायमुख खिंडींत चढावें, तेथून लोहगड व त्याचा विंचूकांटा पाहून पुन्हां खिंडींत यावें. मग दुसऱ्या बाजूचा विसापूर चढून, त्याच्या माथ्यावरून पाटण गांवाकडे उतरून मळवलीस यावें. लोहगड समुद्रसपाटीपासून सुमारें ३,४०० फूट व विसापूर त्याहून सुमारें १५० फूट अधिक उंच आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या निरोगी मुलामुलींस ही फेरी एका दिवसांत झेपते. मात्र पावसाळ्यांत ती करूं नये. त्या दिवसांत विसापूरच्या वाटेवरून पाणी वाहतें, गडांवर माणसांची गर्दी उसळते, आणि धुक्यामुळें ज्यासाठीं चढावयाचें तेंच दिसत नाहीं.

दिसण्यासारखें तेथें पुष्कळ आहे. विंचूकांटा म्हणजे गडापासून पुढें निघालेली लांब, अरुंद, तटबंदी केलेली सोंड. तिच्यावर जातांना थोडा कातळ उतरावा लागतो. तेथें एकेकानेंच उतरावें. वर आलें म्हणजे खालीं पवनेचा जलाशय आणि त्यापलीकडे तुंग व तिकोना हे गड दिसतात. शिवाजी महाराजांनीं घेतलेला, १६६५ च्या पुरंदरच्या तहांत गेलेला व १६७० सालीं परत मिळविलेला हा लोहगड २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झाला, हें आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहे. परंतु १८१८ च्या मार्चांत इंग्रजांनीं विसापूर घेतला आणि लोहगडही लागलाच त्यांच्या हातीं आला, असें कां झालें, हें वर्गांत चार वेळां सांगूनही त्यांच्या गळीं उतरत नाहीं. लोहगडाच्या माथ्यावर उभें राहून शेजारच्या विसापूरकडे मान वर करून पाहावें लागलें, कीं तोफ कोणाची कोणावर चालेल, हें तीं आपण होऊन बोलूं लागतात. ज्या पालकांस दिवस फुकट जाण्याची भीति वाटते, त्यांनीं एकदां हें संभाषण ऐकावयास यावें.

आतां आंखणीविषयीं. आमच्या मतें सहलीची आंखणी निघण्याच्या वेळेपासून न करतां परतीच्या वेळेपासून करावी. डिसेंबरांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अंधार पडण्यापूर्वीं मुलें पाटण गांवांत पोहोंचलीं पाहिजेत. म्हणजे पांचपर्यंत तीं डोंगराच्या पायथ्याशीं हवींत. विसापूरची वाट दोन्ही बाजूंनीं दगडधोंड्यांची, आणि माथा विस्तीर्ण; तेव्हां साडेतीनला माथा सोडावयास हवा, आणि त्यासाठीं गायमुख खिंड एक वाजतां सोडावी लागेल. असें मागें मागें मोजीत गेलें, म्हणजे पहाटेच्या लोकलवांचून गत्यंतर नाहीं, हें मुलांस कळतें, आणि पहाटे उठविण्याबद्दल कोणी कुरकूर करीत नाहीं.

या फेरींत गायमुख खिंडीचें महत्त्व विशेष आहे. येथवर आलेल्यास भाज्यास परत नेणारा सरळ रस्ता पायाखालीं असतो. एकदां विसापूरच्या घळींत शिरलें, कीं मागें फिरणें आणि पुढें जाणें हीं दोन्ही सारखींच जड होतात. यास्तव खिंडींत किती वाजतां पोहोंचलों असतां पुढें जावें व किती वाजतां परतावें, हें घरीं बसूनच ठरवावें, कागदावर लिहावें, आणि डोंगरावर त्याविषयीं मतें घेऊं नयेत.

हा हिशेब आम्हांस कोणीं शिकविला नाहीं. तो आम्ही एका मुलाच्या पायावरून शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही व आमचे एक सहकारी तेवीस मुलांस घेऊन याच फेरीस गेलों होतों. लोहगडावर मुलें रमलीं, विंचूकांट्यावर त्याहून अधिक रमलीं, आणि खिंडींत परत आलों तेव्हां सवादोन वाजले होते. आम्हीं सर्वांस गोल उभें करून मोठ्यानें विचारलें, “कोणी दमलें आहे काय?” एकमुखानें “नाहीं” असें उत्तर आलें. आम्हांस तेंच उत्तर हवें होतें. नववीतील एक अबोल मुलगा मागें उभा होता. त्यानेंही “नाहीं” असेंच म्हटलें. विसापूरच्या दगडगोट्यांवरून तो सर्वांच्या मागून चढला, आणि माथ्यावर तटाच्या सावलींत जो बसला, तो उठेना. बूट काढविला तों मोजा रक्तानें टांचेस चिकटलेला. सहलीसाठीं म्हणून वडिलांनीं हौसेनें घेतलेले ते नवे बूट होते, आणि सकाळीं भाजें गांव सोडण्यापूर्वींच त्यांनीं टांच सोलली होती.

“अरे, खिंडींत कां नाहीं सांगितलेंस?”

“सर, माझ्यामुळें सगळ्यांचा विसापूर गेला असता.”

पाटणची उतरण आम्हीं एका विजेरीच्या उजेडांत केली. थोरले मुलगे त्यास आळीपाळीनें पाठीवर घेत होते. मळवलीस पोहोंचावयास आठ वाजून गेले. पुण्याच्या फलाटावर पालक खोळंबून उभे होते. त्या मुलाची आई आम्हांस एक शब्दही उणा बोलली नाहीं. “त्याला सांगतां येत नाहीं हो, सर,” एवढेंच त्या माउलीनें म्हटलें. ती रागें भरली असती, तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्यास सांगतां येत नाहीं हें खरें. पण सांगण्याची सोय तरी आम्हीं कोठें ठेविली होती? तेवीस जणांच्या देखत विचारलेल्या प्रश्नास “होय” म्हणण्याचें धैर्य थोरांच्याही अंगीं क्वचितच असतें. मुलांस काटक करा म्हणणारे पालक म्हणतील कीं, टांचेस फोड आला एवढ्यानें काय बिघडलें? फोडानें कांहींच बिघडलें नाहीं. परंतु वेदना सोसणें आणि वेदना लपविणें यांत फार अंतर आहे, आणि त्या दिवशीं आम्हीं मुलांस दुसरी गोष्ट शिकविली. उद्यां एखाद्यास चक्कर आली, छातींत धडधडलें, तरी तो असाच गप्प राहून घळ चढूं लागेल.

तेव्हांपासून आमची रीत बदलली आहे. सर्वांत हळू चालणारा सर्वांच्या पुढें असतो, आणि बाकीचे त्याच्या पावलानें चालतात. प्रथम धांवणाऱ्यांस हें जाचतें, मग अंगवळणीं पडतें. खिंडींत आम्ही एकेकास बाजूस घेऊन विचारतों. वेळापत्रक मुलें स्वतःच पंधरा दिवस आधीं फळ्यावर मांडतात, तेंही उलटें, सूर्यास्तापासून. पालकांकडे आमचें मागणें थोडें आहे: नवे बूट घेऊं नयेत, जुने व पायास बसलेले द्यावेत, पाणी प्रत्येकीं तीन लिटर द्यावें, भाकरी, चटणी, गूळ, काकडी एवढें पुरे. (एका मुलाच्या पिशवींत एकदां आम्हांस श्रीखंडाचा डबा सांपडला. तो विंचूकांट्यापर्यंत कसाबसा टिकला.) मोबाइलमध्यें नकाशा आहे, मग काळजी कशाची, असें कोणी म्हणूं नये. नकाशा वाट दाखवील. टांच दाखविणार नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही खिंडींत एक वाजून वीस मिनिटांनीं आलों. कागदावर एक लिहिलें होतें. शिवाय एका मुलीनें बाजूस घेतल्यावर गुडघा दुखत असल्याचें सांगितलें. तिचें नांव न घेतां आम्हीं घड्याळ दाखविलें, आणि सर्व मंडळी भाज्याच्या रस्त्यास लागलीं. कांहीं तोंडें आंबट झालीं होतीं, तीं लेण्यांपाशीं निवळलीं. डोंगरांत कोरलेलीं हीं बावीस लेणीं दोन हजारांहून अधिक वर्षांचीं. एरव्हीं विसापूरच्या घाईंत आम्ही तीं खालूनच पाहत असूं. त्या दिवशीं मुलांनीं चैत्यगृहाच्या छतास अजून असलेल्या लांकडी फांसळ्या पाहिल्या, बाहेरचे दगडी स्तूप मोजले व दोनदां चुकले. साडेपांचाची उन्हें विसापूरच्या तटावर पडलीं तेव्हां आम्ही मळवलीच्या फलाटावर होतों. ती मुलगी बांकावर पाय पसरून बसली होती आणि तटाचे बुरूज बोटानें मोजीत होती. पुढच्या वर्षीं खिंडींत साडेबारालाच यावयाचें, असें तिनें शेजारणीस बजावलें, आणि लोकलचा आवाज आला.