नावापुढचा ‘जी’

‘आंश’वाल्यांवर लिहिलं तेव्हा बऱ्याच आईबापांनी माझ्यावर डोळे वटारले होते. रेयांश, अयांश, विवांश सोडून जगात दुसरे प्रश्न नाहीत का, असं एका बाबांनी खडसावलं. आहेत हो. पण या आठवड्यात व्हॉट्सॲपवर बारशाची एक पत्रिका येऊन पडली आणि माझा नाइलाज झाला. ढगावर झोपलेलं अस्वल, मागे बासरी आणि सोनेरी अक्षरांत बाळाचं नाव: इवान. खाली, कोणीही विचारलेलं नसताना, खुलासा: ‘संस्कृत नाव. अर्थ – सूर्य, राजा, ईश्वरी देणगी.’ पूर्वी आत्या कानात कुर्र करून नाव सांगायची, मग ते जगाला कळायचं. हल्ली आत्यालाच पत्रिकेतून कळतं, तेही अर्थासकट.

तीनपैकी शेवटचा अर्थ चुकून खऱ्याच्या आसपास गेलाय, पण संस्कृतशी त्याचा काडीचा संबंध नाही. इवान म्हणजे रशियातला जॉन. हिब्रूतला योहानान ग्रीकमधून युरोपभर पांगला तो स्पेनमध्ये हुआन झाला, फ्रान्समध्ये जाँ, इटलीत जोव्हान्नी, आयर्लंडमध्ये शॉन, स्कॉटलंडमध्ये इयन. अरबीत तोच यह्या, मराठी बायबलात योहान. आणि पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरला तो जुवांव होऊन. 24 जूनला सां जुआंवच्या सणाला डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून गोंयकार विहिरीत धडाधड उड्या मारतात, त्या ह्याच नावाच्या संताच्या नावानं.

आता त्या इवानच्या आईला फोन करून ‘तुमच्या जुवांवचं बारसं कितीला?’ असं विचारून बघा. (मी विचारलं नाही. जेवायला जायचंय.) इवान चालतो, कारण त्याच्या पासपोर्टवर अजून कुठलाच शिक्का नाही. जुवांवच्या अंगाला मात्र मासळीबाजाराचा वास येतो, तो गावात राहिलेला आहे.

परकं नाव मला खुपत नाही, हे आधीच्या लेखांतही घसा कोरडा करून सांगितलंय. परकी नावं आपल्याकडे कायम येत आली आणि त्यांना घरात घ्यायला आपल्याकडे एकच अक्षर पुरायचं: जी. शाह शरीफ पिराला नवस बोलल्यावर मालोजीराजांना मुलगे झाले, अशी कथा आहे. मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी. 1660 मध्ये चाकणचा किल्ला शाहिस्तेखानाविरुद्ध झुंजवणारे किल्लेदार कोण, तर फिरंगोजी नरसाळा. नाव फिरंग तलवारीवरून आलं असो की फिरंगी माणसावरून, मूळ समुद्रापलीकडचंच. जी लागला आणि विषय मिटला.

पण माझा लाडका दाखला कोकणातल्या ज्यूंचा, म्हणजे बेने इस्रायलांचा. हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. घरात मराठी, आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, झिराडकर. आणि मुलांची नावं थेट त्यांच्या धर्मग्रंथातून, फक्त कोकणातून फिरून आलेली. मराठी बायबलातला शमुवेल त्यांच्यात सामाजी, इसहाक इसाजी, यहेज्केल (म्हणजे इझिकेल) हसाजी. ‘सामाजी हसाजी दिवेकर’ हे नाव मोठ्यानं म्हणून बघा. हा माणूस पेशव्यांच्या दप्तरातून उठून आला असंच वाटेल. प्रत्यक्षात ते इझिकेलचे चिरंजीव सॅम्युअल. कंपनी सरकारच्या पलटणीत अधिकारी होते, टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि 1796 मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. आसपासचे लोक त्याला मशीदच म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

ह्या लोकांनी धर्म सोडला नाही, शनिवार सोडला नाही, सुंता सोडली नाही. नाव मात्र शेजाऱ्यांच्या जिभेवर बिनधास्त सोडून दिलं. सामाजी हे नाव मूळचं संस्कृत असल्याची बतावणी त्यांना करावी लागली नाही, आणि हिब्रू असल्याचा गवगवाही नाही.

आणि मग सिनेगॉगच्या रस्त्याला नाव मिळालं ते सॅम्युअल स्ट्रीट. सामाजी स्ट्रीट नव्हे! पुढे इंग्रजी शाळा आल्या, सामाजींच्या जागी सॅम्युअल आले आणि हसाजींच्या जागी इझिकेल. इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल ह्याच समाजातले. त्यांचं आडनाव म्हणजे आपला हसाजीच. आज व्हॉट्सॲपवर अस्वलाबरोबर येतं त्या आजाराची पहिली लागण मला त्या रस्त्याच्या पाटीत दिसते. पुरावा मागू नका, स्तंभ माझा आहे.

आजार असा, की नाव कुठल्याही विमानतळावर जसंच्या तसं उच्चारलं गेलं पाहिजे. आमच्याकडे पांडुरंगाचा पांडू व्हायचा, गोदावरीची गोदी, आणि त्यात कोणाचा अपमान नसायचा. आता बाळ पाळण्यात असतानाच आई बजावते, ‘पूर्ण नाव घ्या हं, शॉर्ट करू नका.’ तीन अक्षरांचं नाव, त्यात शॉर्ट काय करणार? पण शाळेच्या पहिल्या आठवड्यात त्याचा इव्या होणार हे ब्रह्मदेवही टाळू शकत नाही. मराठी पोरांवर माझा तेवढा विश्वास आहे.

जाता जाता, कियाराबद्दल विचारणाऱ्या आज्यांसाठी. इटलीतलं क्यारा हे आपल्या ओळखीच्या क्लाराचंच रूप, उजळपणाचं नाव. आयर्लंडमध्ये तशाच स्पेलिंगचं एक नाव आहे, कीरा. त्याचं मूळ काळ्या रंगात. नातीच्या पत्रिकेवर काय छापायचं ते सुनेला विचारून ठरवा, आणि ‘संस्कृत’ लिहायला विसरू नका.

— आत्याबाई