तेलाची वाटी आधी खाली ठेवा

पहाटे तीनच्या सुमारास फटाफट आवाज येतो. घरातला लॅब्रॅडॉर डोकं झटकतोय आणि त्याचे लोंबते कान कपाटाच्या दारावर आपटतायत. मग मागच्या पायाने खराखरा खाजवणं. जवळ गेलं की दही जास्त आंबल्यासारखा वास. पावसाळ्यात कितीतरी घरांत हेच चालतं आणि पहिला उपायही ठरलेला असतो : लसूण घालून कोमट केलेलं तेल, दोन थेंब.

कुत्री-मांजरं पाळणाऱ्या सर्वांना विनंती आहे, ते दोन थेंब घालू नयेत. पशुवैद्याने ओटोस्कोप लावून आत पाहीपर्यंत कानात काहीच घालू नये.

कारण कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात आत वळते. बड्स घातले की मळ बाहेर न येता त्या वळणात ठासला जातो. वळणापलीकडचा पडदा शाबूत आहे का, हे बाहेरून कळत नाही. तो फाटलेला असेल, तर कानाच्या औषधातलं जेंटामायसिन किंवा क्लोरहेक्सिडिन आत उतरून बहिरेपणा येऊ शकतो, जनावराचा तोल जाऊ शकतो. गेल्या वर्षीची उरलेली बाटली आणि शेजारच्या कुत्र्याला ‘लागू पडलेलं’ औषध म्हणूनच तेलाहून वाईट.

सगळा दोष जंतूंच्या माथी मारून चालत नाही. मॅलॅसेझिया ही बुरशी निरोगी कुत्र्याच्या कानातही थोडीफार असतेच. ओल आणि सूज मिळाली की माजते. ती सूज अनेकदा ॲलर्जीची असते : धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, खाण्यातलं एखादं प्रथिन. कान वरचेवर बिघडतो आणि कुत्रा पंजेही सतत चाटतो, तर दुखणं कानापुरतं नाही, कातडीचं आहे. नुसत्या थेंबांनी ते हटत नाही. पावसाळा सरताना माळावर हिंडून आलेल्या कुत्र्याचा एकच कान अचानक दुखू लागला, तर मात्र कुसळाचा संशय घ्यावा.

मांजरांची गोष्ट निराळी. त्यांच्या, विशेषतः पिल्लांच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट मळ दिसला, तर बहुधा कानातले माइट्स. तो मळ काळ्या कागदावर झटकून भिंगातून पाहिला तर बारीक पांढरे ठिपके चालताना दिसतात. (मुलांना हा प्रयोग भलताच आवडतो.) अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला माइट्सना साधारण 3 आठवडे लागतात आणि ते एका जनावरावरून दुसऱ्यावर जातात. त्यामुळे उपचार घरातल्या सगळ्या मांजरांवर आणि कुत्र्यांवरही एकदमच करावेत. कुत्र्यासाठी आणलेलं, पर्मेथ्रिन असलेलं गोचिडाचं औषध मात्र मांजराला कधीही लावू नये. ते त्याच्या जिवावर बेततं.

दवाखान्यात कानातला मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला आवर्जून सांगावं. बुरशीचं औषध वेगळं, जिवाणूंचं वेगळं. सफाईचं द्रावण डॉक्टरांनी दिलं, तर ते कानात सोडून कानाचा पाया बाहेरून अर्धा मिनिट चोळावा. आत पचपच आवाज येतो. मग जनावराला मनसोक्त डोकं झटकू द्यावं आणि वर आलेला मळ कापसाने टिपून घ्यावा. खाज चार दिवसांत थांबली तरी औषध मध्येच सोडू नये, फेरतपासणीनंतरच थांबवावं. दुर्लक्ष केलं तर झटकून झटकून कानाच्या पाळीत रक्त साकळतं, ती उशीसारखी फुगते.

गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांसाठीही थोडं. कानाच्या टोकाला नीट कापलेली खाच ही नसबंदीची खूण असते, जखम नव्हे. तिला हळद फासू नये. पण कान सुजलेला, मान एका बाजूला कललेली आणि कुजका वास येत असेल, तर आत अळ्या असू शकतात. अशा वेळी रॉकेल ओतू नये, त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा प्राणीमित्र संस्थेला कळवावं.